कमलाकांतचा निळा ट्रॅक्टर

आमच्या कमलाकांतच्या हातात ब्रश दिला की त्याला थांबवायला वेगळा माणूस लागतो. बोट रंगवायला घेतली की बोट संपते पण रंग उरतो. मग बादली, मग पाट, मग दाराची कडी. एका वर्षी त्याने बायकोची, इंदूची, माशांची पाटी निळी करून ठेवली होती आणि ती बिचारी बाजारभर निळे हात घेऊन फिरली. तेव्हा त्याने ट्रॅक्टर रंगवला ह्याचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढे जे झालं त्याचं.

मी हंसा. माहेर माहीम, म्हणजे पालघरचं माहीम, मुंबईचं नव्हे. दिली बोईसरजवळ सालवडला. नवरा तारापूरच्या कारखान्यात पाळ्या करतो. त्याला सणाला सुट्टी मिळो न मिळो, मी नारळी पौर्णिमेला माहेरी जाणार म्हणजे जाणार. दोन भावांना राखी बांधायची असते. थोरला महादूदादा, मग मी, मग हा कमलाकांत. मी मधली, त्यामुळे दोघांनाही फैलावर घ्यायचा हक्क माझा, आणि तो मी कधी वाया घालवलेला नाही.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. त्याच्या आदल्या वर्षापर्यंत दोघा भावांची एकच बोट होती, आईच्या नावाची, ‘येसूबाई’. पावसाळ्यात बोट वाळूवर ओढून झावळ्यांखाली ठेवायची आणि पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की पुन्हा पाण्यात लोटायची, ही आमच्याकडची रीत. लोटायला सगळा पाडा येतो. आज तुझी बोट, उद्या माझी. दोन्ही अंगांना दोर, खाली ग्रीस लावलेले ओंडके, आणि पुढे हाक देणारा एक माणूस. त्याच्या हाकेवर ओढायचं आणि त्याच्या हाकेवर थांबायचं. गावात हाक द्यायचं काम महादूदादाचं. त्याचा आवाज असा की वाऱ्यातसुद्धा केळव्यापर्यंत जावा.

आदल्या वर्षी ‘येसूबाई’ लोटताना कमलाकांतने दोर जरा आधी ओढला. बोट तिरकी झाली, कातळाला घासली आणि एक फळी तडकली. दादा सगळ्यांदेखत म्हणाला, “तुला साधा दोर धरता येत नाय.” कमलाकांत म्हणाला, “तुला साधी हाक देता येत नाय.” झालं. फळी सुतारानं दोन दिवसांत बसवली, पण हे दोघे वर्षभर बसले फुगून. दादाने स्वतःची लहान होडी घेतली, मोठी बोट कमलाकांतकडे राहिली. घर एकच, मधे भिंत आधीचीच होती. राहता राहिलं अंगण.

आणि कमलाकांतने ट्रॅक्टर आणला. एका वाडीवाल्याकडचा जुनाट, पण चालता. पाड्यावर सांगून टाकलं, “औंदा मला कोणाचे हात नकोत. मी एकटा बोट पाण्यात घालतो.”

मी पोचले तर अंगणात कारवीच्या काठ्यांचे भारे रचलेले.

“हे कशाला?” मी विचारलं.

“कूड घालायचाय,” कमलाकांत म्हणाला. “मधोमध. बोट एकट्याने पाण्यात घातली की दुसऱ्या दिवशी कूड. मी बोललोय तसं सगळ्यांना. कटकट नको रोजची.”

“आणि माझं माहेर कुठल्या बाजूला?”

“दोन्ही बाजूला.”

“म्हणजे मी काय कुडावर बसू?” मी म्हटलं. तो हसला नाही. एरवी हसला असता.

मला मेलं इतकं लागलं ते. ह्या अंगणात मी, चंद्रकांता वहिनी आणि इंदू एका वलांडीवर बोंबील वाळत घालायचो आणि जगाची उणीदुणी काढायचो. चंद्रकांता वहिनी म्हणजे दादाची बायको, वयानं माझ्याहून मोठी, पण हसायला लागली की पोरीसारखी. त्या वर्षी मी एक राखी भिंतीच्या अलीकडे बांधली, एक पलीकडे. दोन ठिकाणी नारळीभात खाल्ला, आणि दोन्ही ठिकाणी मला विचारलं, “तिकडे गोड जास्त होता का?” मी म्हटलं, तिकडे मीठ जास्त होतं. दोन्हीकडे तेच सांगितलं, दोन्हीकडे बरं वाटलं.

पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी उधाणाची सगळ्यांत मोठी भरती असते. ‘येसूबाई’ अवजड, वर सुरूच्या झाडांपर्यंत ओढलेली. तिला तेवढं पाणी लागतंच. ती भरती चुकली की पुढे पाणी रोज थोडं थोडं मागेच राहतं. मग अमावस्येची वाट बघत बसायचं, आणि तोवर बाकीच्यांच्या बोटी मासळी घेऊन येताना मोजायच्या. त्यामुळे त्या दिवशी दुपारी बोट पाण्यात जायला हवी होती. मला ती जायला हवीच होती, आईच्या नावाची बोट ती. आणि ती गेली की कूड उभा राहणार होता. माझी अवस्था काय सांगू.

किनाऱ्यावर गेले आणि ट्रॅक्टर बघून पदर तोंडाला लावला. बोट निळी, वर लाल पट्टा. ट्रॅक्टरही निळा, वर लाल पट्टा. चाकांच्या मधल्या ताटल्या लाल. पुढच्या नाकाडावर आईचं नाव, खाली ‘प्रसन्न’. बोटीशेजारीच उभा करून त्याने दोघांना एकदमच रंगवलं होतं.

“वल्हं कुठाय?” मी विचारलं.

“हस, हस,” तो म्हणाला. “खारं वारं हाय इथं. बापानं शिकवलंय तसा दिलाय रंग. लोखंडाचा एकेक तुकडा काढून, खालून तांबडा हात, वर निळे दोन हात, मग परत बसवला. वीस वर्षं गंज लागणार नाय.”

आणि खरंच, बापाची शिस्त तीच होती. बोटीवरची कडी असो की पट्टी, नुसती वरून रंगवायची नाही. उघडायची, खालून रंगवायची, मग बसवायची. वरवर रंगवलं तर पाठीत धपाटा. दोन्ही पोरं त्या धपाट्यांवर वाढली.

कमलाकांत नवी टोपी घालून वर चढला. लोक आपापल्या बोटी लोटायचं सोडून बघायला लागले. किल्ली फिरवली. ट्रॅक्टर म्हणाला, घर्र. मग विचार करून म्हणाला, घर्र. मग म्हाताऱ्यानं उठता उठता पुन्हा बसावं तसा गप्प झाला.

“झोपलाय रं,” कोणीतरी म्हणालं. “चहा पाज.”

पुन्हा किल्ली. पुन्हा तेच. इंजिन फिरायचं, पण इतकं हळू की धूर निघायला तयार नाही. कमलाकांतचं तोंड टोपीखाली लाल व्हायला लागलं. रंगवण्याच्या आधी एका किल्लीत चालू होत होता, हे त्याने इतक्यांदा सांगितलं की शेवटी लोक त्याच्याआधी म्हणायला लागले.

नशिबानं पुंजाराम गावात होता. पालघरला ट्रक दुरुस्त करतो, सणाला सासुरवाडीला आलेला, अंगात परीटघडीचा शर्ट. त्याला तसाच उचलून आणला. त्याने दिवे लावून बघितले. दिवे लख्ख. बॅटरीत पाणी बरोबर. तरी म्हणाला, बॅटरी उतरली असेल. बर्फाचा टेम्पो उभा होता, त्याची बॅटरी काढून लावली. घर्र. घर्र. मग डिझेलमधली हवा काढली, त्यात शर्टाची पुढची बाजू गेली. ट्रॅक्टर ढिम्म. मग त्याने सेल्फच खोलून बाहेर काढला, म्हणजे इंजिनाला फिरवणारी मोटर. वाळूत गोणपाटावर ठेवून थेट बॅटरीला लावली तर ती अशी भणाणून फिरली की शेजारची कोंबडी पळाली. परत बसवली. घर्र.

“बॅटरी चांगली, सेल्फ चांगला,” पुंजाराम शर्टाला हात पुसत म्हणाला. आता पुसायला काही राहिलं नव्हतं. “इंजिनच जाम झालंय बहुतेक. नायतर ढकलून बघू. गियरमधी टाकून ढकलला तर होतो कधी कधी.”

इथे मला राहवलं नाही. “बोट ढकलायला माणसं नकोत म्हणून ट्रॅक्टर आणला,” मी म्हटलं, “आता ट्रॅक्टर ढकलायला माणसं आणा. मग ट्रॅक्टर बोट ढकलेल.”

“हंसे, गप बस,” कमलाकांत म्हणाला.

चारपाच जण आले, मजा म्हणून. ढकलला. मागची चाकं वाळूत अशी रुतली की ट्रॅक्टर होता त्याहून वीतभर बुटका झाला. इकडे पाणी वर येत होतं. खालच्या बोटी एकेक करून तरंगायला लागल्या होत्या. त्यांना लोटणारी हाक होती दादाची, आणि ती सगळ्या किनाऱ्याला ऐकू येत होती. कमलाकांत त्या हाकेकडे पाठ करून उभा होता. दादासुद्धा आमच्याकडे पाठ करूनच हाक देत होता. एवढ्या लांबरुंद किनाऱ्यावर दोन भाऊ एकमेकांकडे पाठ करून उभे, बघवत नव्हतं.

मी दादाकडे गेले. चंद्रकांता वहिनी तिथेच दोर गुंडाळत होती.

“दादा, तुझा भाऊ बुडाला,” मी म्हटलं.

“वाळूत कोण बुडतं,” तो म्हणाला. मान वळवली नाही. मग म्हणाला, “त्याला विचार, बॅटरीची दुसरी तार, ती चपटी पट्टी, जिथे लोखंडाला बोल्टानं बसते, तिथे खालून रंग दिलाय काय.”

“तू विचार की.”

“तू जा.”

मी वाळू तुडवत इकडे आले. “दादा विचारतो, पट्टीखाली रंग दिलास काय?”

“सांग त्याला, दिलाय. तीन हात दिलेत. बापानं शिकवलंय.”

मी परत तिकडे. दादा म्हणाला, “मग सांग त्याला, खरवड. वीज रंगातून जात नाय. कोरं लोखंड कोऱ्या पट्टीला लागू दे.” आणि खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढून माझ्या हातात दिला. घडी पडून मऊ झालेला तुकडा होता तो.

“हा खिशात घेऊन कधीपासून फिरतोस?” मी विचारलं.

“सकाळपासून,” वहिनीच म्हणाली. “काल हे तो निळा ट्रॅक्टर बघून आले आणि घरी येऊन म्हणाले, ह्यानं बघ पट्टीखालीसुद्धा रंग दिला असणार.”

“तुला कसं कळलं पण?” मी दादाला विचारलं. दादा एकदम समुद्राकडे बघायला लागला. वहिनीला हसू आवरेना. “वैशाखात ह्यांनी होडीच्या मशीनला रंग दिला,” ती म्हणाली. “पट्टी काढून, खालून. मग आठवडाभर ‘घर्र, घर्र’ करत बसले डोकं धरून. रोज रात्री जेवताना मशीनवाल्याला शिव्या. शेवटी रागानं पाना आपटला तो त्या पट्टीवर, रंगाचा टवका उडाला आणि मशीन चालू झालं.”

“ती काय सगळ्यांना सांगायची गोष्ट हाय?” दादा म्हणाला.

मी कागद मुठीत घेऊन निघाले आणि अर्ध्या वाटेत थांबले. खरं सांगते, थांबले. हा कागद पोचला की ट्रॅक्टर चालू होणार, बोट जाणार, आणि उद्या अंगणात कूड. नाही पोचला तर भरती जाणार आणि कमलाकांतला पाड्यापुढे हात जोडावे लागणार. मला तेच हवं होतं की. पण समोर आईचं नाव लिहिलेली बोट कोरडी उभी होती, आणि माझा धाकटा भाऊ टोपी हातात घेऊन, वाळूत रुतलेल्या चाकावर बसला होता. लहानपणी परीक्षेत नापास झाला की असाच बसायचा. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त माया आली. मी गेले.

कागद दिला, निरोप दिला, आणि वैशाखातली गोष्टसुद्धा दिली. ती न सांगण्याइतकी मी चांगली नाही.

कमलाकांत ऐकत राहिला. “दादानं? पट्टीखाली?” म्हणाला. मग त्याचे खांदे हलायला लागले. वर्षभरानं माझा भाऊ हसला, आणि असा हसला की डोळ्यांत पाणी. पुंजारामला काही कळेना. “पट्टी मीच घट्ट करून बघितली होती की,” तो बापडा म्हणाला. बघितली होतीच. पट्टी घट्टच होती, फक्त लोखंडाला लागलेली नव्हती.

बोल्टाला हात लावला तर चटका बसला, एवढा तापला होता. काढला, पट्टीखालचा निळा खरवडला, निळ्याखालचा तांबडा खरवडला, तेव्हा कुठे पांढरं लोखंड दिसलं. पट्टी बसवली. किल्ली फिरवली. ट्रॅक्टर एकदा जोरात खोकला, काळा धूर काढला आणि धडधडायला लागला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. चाकांखाली फळ्या घालून तो वर काढला, बोटीच्या मागे लावला, मधे जुने टायर बांधले, आणि कमलाकांतने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

बोट हलली. ओंडक्यांवरून सरसर निघाली. पण ट्रॅक्टर मागून लोटतो, बाजूनं धरत नाही, हे ह्या शहाण्याच्या लक्षातच आलं नव्हतं. अर्ध्या उतारावर बोटीचं नाक वळायला लागलं. तोच कातळ. कमलाकांतला मागून नाक दिसत नव्हतं.

“थांब रं,” असा आवाज आला की पुंजारामसुद्धा जागच्या जागी थांबला. दादा पाण्यातून धावत येत होता. “दोर धरा, डावा ताणा. कमळू, तू थांब. मी सांगेन तेव्हाच.”

आणि कमळू थांबला. लोकही आले. कोणी बोलावलं नव्हतं, पण ती हाक ऐकली की आमच्या माणसांचे पाय आपोआप चालतात. डावा दोर वहिनीनं, इंदूनं आणि मी धरला, पायांखालची वाळू सरकेपर्यंत. दादा हाक द्यायचा, कमलाकांत तेवढाच ट्रॅक्टर पुढे घ्यायचा. हाक थांबली की तोही थांबायचा. दोर आधी ओढणारा माझा भाऊ त्या दिवशी एकदाही हाकेच्या पुढे गेला नाही. नाक सरळ झालं, कातळ उजवीकडे राहिला, आणि ‘येसूबाई’ भरतीच्या ऐन टोकाला तरंगली.

ट्रॅक्टर मागे घेतला, बंद केला. कमलाकांत खाली उतरला तसा मी त्याच्यापुढे उभी राहिले. हाताला दोराचे वळ होते, ते दाखवले.

“एकट्यानं घातलीस काय रे बोट?” मी विचारलं. “बोल. सगळे ऐकतायत.”

त्याने टोपी काढली आणि तिची वाळू झटकायला लागला.

“मग कूड कशाला? एकट्यानं घातली तर कूड, हे तुझंच बोलणं. का आता तेसुद्धा तीन हात देऊन झाकायचं?”

“हंसे,” तो म्हणाला, “तू सालवडला परत कधी जातेस?”

पण कूड घातला नाही. कारवीचे भारे मात्र अंगणात पडूनच होते. खाऱ्या वाऱ्यात ट्रॅक्टर उघडा ठेवायचा नाही म्हणून दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून त्याच कारवीची ट्रॅक्टरसाठी पडवी बांधली. जागेवरून भांडण व्हायला नको म्हणून अगदी मधोमध. आता तिथे कूड घालायचा म्हटला तरी ट्रॅक्टर मधे येतो.

त्या संध्याकाळी सगळे अंगणात बसलो होतो. कमलाकांत दादाला म्हणाला, “वैशाखात तुझं मशीन ‘घर्र घर्र’ करत होतं ना, मला भिंतीपलीकडून रोज ऐकू यायचं.”

“मग आला का नाय?” दादा म्हणाला.

“तू सगळ्या गावाला हाक देतोस,” कमलाकांत म्हणाला. “मला दिलीस काय?”

दादाने पायाची वाळू झाडली. मग दादा उठला, पडवीत गेला, ट्रॅक्टरपाशी वाकून काहीतरी चाचपलं आणि तिथूनच, दोन हातांवर बसलेल्या भावाला, केळव्याला ऐकू जाईल अशा आवाजात हाक दिली.

“कमळू, ग्रीसचा डबा आण. ही पट्टी गंजेल नाय तर.”

कमलाकांत डबा घेऊन उठला. जाता जाता दुसऱ्या हातात त्याने ब्रश उचलला, तो मी काढून घेतला.